गुणाबाईनं पारखलेली गाडी

गुणाबाईच्या आवाजानं एक लग्न पार पडलं आणि गुणाबाई मात्र त्या लग्नाला पोचलीच नाही, ही गोष्ट खर्डीच्या बाजूला लोक अजून हसत हसत सांगतात. तिच्या दारात गाडी आली ती त्या लग्नापायी.

गुणाबाई धवलारीण आहे, म्हणजे लग्नात धवले गाणारी. हळद लावताना, नवरा-नवरीला पाटावर बसवताना, वरात मांडवात शिरताना जी गाणी म्हणायची ती सगळी तिच्या गळ्यात आहेत. आमच्याकडं बेंजो पार्टी कितीही मोठी आणा, धवलारणीनं तोंड उघडल्याशिवाय म्हाताऱ्या बायका लग्नाला लग्न म्हणत नाहीत. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, अंगानं ठेंगणी, काष्टा मारून गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, अंबाड्याला अबोलीचा गजरा. नवरा देवजी भात लावतो, माळावर थोडी नाचणी घेतो. एकुलती एक मुलगी कुणाली वाशिंदच्या कारखान्यात कामाला जाते.

धवलारणीचा मान मोठा, पण तिला न्यायला कोणीतरी यावं लागतं. पाडा खर्डीपासून बराच आत. संध्याकाळी शेवटची रिक्षा गेली की वाट सकाळपर्यंत मोकळी. त्यामुळे लग्नघरचे लोक गाडी पाठवायचे आणि गुणाबाई नटूनथटून वाट बघत बसायची. त्या वैशाखात डोळखांबकडच्या एका लग्नात नवरीकडच्यांना वाटलं, बाईला नवऱ्याकडचे आणतील. नवऱ्याकडच्यांना वाटलं, नवरीकडचे आणतील. गुणाबाई उंबराखालच्या फाट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. फोनला रेंज नाही. ऊन कलायला लागलं तशी उठली आणि घरी जाऊन लुगडं बदललं.

दुसऱ्या दिवशी जगन आला. जगन म्हणजे बेंजो पार्टीवाला, कॅसिओ वाजवतो. लग्नात त्याचं आणि गुणाबाईचं कायम वाजायचं, कारण ती गायला लागली की नेमका याचा स्पीकर ठणाणायचा. पण मनानं माणूस चांगला. ओटीवर टेकला आणि म्हणाला, "काकी, रागावू नको. काल तुजीच हळद झाली."

"माजी हळद? मी तर हितं होते."

"तू नव्हतीस, पण आवाज होता. गेल्या साली किन्हवलीच्या लग्नात कोणीतरी तुजा व्हिडिओ काढलेला. तोच मोबाइल मी माज्या स्पीकरला लावला. म्हाताऱ्या रडल्या गो, एवढा चांगला वाजला."

गुणाबाईनं कपाळावर हात मारला. मग तिला असं हसू फुटलं की देवजी गोठ्यातून धावत आला. डोळे पुसून ती म्हणाली, "ऐकलंत काय? माजा आवाज माज्याबिगर लग्नाला जाऊन जेवून आला. आता मला गाडी पायजे."

"कसली गाडी?"

"फटफटी. मी चालवणार."

देवजीनं जगनकडं पाहिलं, जगननं कॅसिओवाल्या बोटांनी गुडघ्यावर ताल धरला.

बाईच्या डोक्यातलं हे खूळ लावणीपर्यंत निघून जाईल असं देवजीला वाटलं होतं. लावणी झाली, गौरी-गणपती गेले, भात पिकलं, कापणी झाली, तरी ते निघालं नाही. उलट पावसाळाभर ती येणाऱ्याजाणाऱ्याची गाडी थांबवून विचारायची, "ही वजनाला कशी? हिला चढावर गेअर कितवा लागतो?" पोस्टमनला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. प्रत्येकाची गाडी वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच चांगली वाटायची.

कुणाली म्हणाली, "आये, स्कूटी घे. गेअरची कटकट नाय. माजी मैत्रीण रविवारी आणेल, चालवून बघ."

रविवारी स्कूटी आली. अंगणात बरी चालली. गुणाबाईनं दोन फेऱ्या मारल्या तेव्हा शेजारच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण ओढ्याच्या उतारावर, जिथं डांबर संपून नुसते गोटे लागतात, तिथं पुढचं चाक एका खळग्यात बसलं ते बसलंच. मायलेकींनी मिळून ती बाहेर ओढली. गुणाबाई वाकून चाकाकडं बघत म्हणाली, "चाक केवढंसं गो हिचं. शहापूरच्या बाजाराला ठीक हाय. आमच्या वाटंला मोठं चाक पायजे."

"मग मोटरसायकल? लुगड्यावर?"

"अगं, काष्टा कशाला असतो? दोन पाय दोन बाजूला टाकून बसता यावं म्हणून. पाचवारीवाल्यांनी स्कूटी घ्यावी. लहानपणी मी रेड्यावर बसून माळ उतरलेली हाय."

कुणालीनं हसत स्कूटी माघारी वळवली.

शिकवायला जगनच पुढं आला. मोबाइलचं प्रकरण त्याच्या मनाला लागलं होतं की त्याला नुसती मजा बघायची होती, देव जाणे. त्याच्याकडं एक जुनी शंभर सीसीची गाडी होती, रंग उडालेली, पण इंजिन ठणठणीत. शहापूरला जाऊन शिकाऊ लायसन्स काढून झालं. मग भात झोडून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या खाचरात तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी गाडी सुरू होऊन तीन उड्या मारून बंद पडायची. परत सुरू, परत उड्या. बांधावर बायका बसलेल्या. पारू नावाची तिची जुनी मैत्रीण ओरडली, "गुणे, ती बैल नाय, तिला चुचकारून कायपण होणार नाय!"

कारण गुणाबाई खरंच गाडीला चुचकारत होती.

"काकी," जगन म्हणाला, "तू धवला कसा उचलतेस? एकदम वरच्या पट्टीत जातेस काय?"

"छे. आधी खालून, हळू."

"मग क्लचचा डावा हात पण तसाच सोड. खालून, हळू. गाडीनं अंगावर शहारा घेतला की तिथं हात थांबव. मग उजव्या हातानं जरासं पीळ."

गुणाबाईनं तसं केलं. गाडी थरथरली आणि मग पाण्यात नाव सरकावी तशी सरकली. खाचराच्या टोकापर्यंत गेली. वळवायची कशी हे अजून शिकवलेलं नव्हतं, म्हणून ती सरळ पेंढ्याच्या उडव्यात घुसली. बायका किंचाळत धावल्या. पेंढ्यातून आधी हसू ऐकू आलं, मग गुणाबाई बाहेर आली. केसांत काड्या, गजरा कानावर.

"गेली की नाय?" ती म्हणाली. "गेली की नाय गो?"

पौषापर्यंत तिला वळणं आली, ओढ्यातून चढ काढता येऊ लागला, थांबलेली गाडी चढावर न घरंगळता पुढं घेता येऊ लागली. लायसन्सच्या परीक्षेला इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवावी लागते. गुणाबाईनं तो आकडा इतक्या सावकाश काढला की साहेब म्हणाले, "बाई, पाय न टेकता एवढं हळू चालवणं अवघड असतं." तिला ती तारीफ आहे की टीका हे कळलं नाही. पण पास झाली.

आता गाडी घ्यायची. भाताचे आणि लग्नांच्या मानाचे पैसे तिनं बाजूला ठेवलेच होते. तिच्या भावाचा मुलगा दिपेश कल्याणला मॉलमध्ये कामाला, त्याला गाड्यांचं भारी वेड. तो सुट्टी काढून आला. देवजी, दिपेश आणि गुणाबाई आधी शहापूरच्या एका शोरूममध्ये गेले.

तिथला सेल्समन देवजीला म्हणाला, "या काका. तुमच्यासाठी बघायचीय?"

देवजीनं बोटानं बायकोकडं दाखवलं. सेल्समन लगेच स्कूट्यांच्या रांगेकडं वळला. गुणाबाई तोवर मोटरसायकलींच्या रांगेत शिरली होती. काष्टा आवळून ती पहिल्या गाडीवर बसली. पायाची बोटं फरशीला जेमतेम लागत होती. उतरली. दुसरीवर बसली. तिसरीवर. लोक गाडीचा रंग बघतात, ही बाई प्रत्येक गाडीवर बसून फक्त आपल्या टाचा बघत होती.

"आत्या, ही बघ," दिपेश एका मोठ्या लाल गाडीपाशी उभा राहून म्हणाला. "दीडशे सीसी. पिकअप बघ काय आहे! मुरबाडपर्यंत हवा तशी फास्ट जाशील."

"मला फास्ट कुठं जायचंय? हळद काय पळून चाललीय?" ती त्या गाडीवर चढली आणि एक पाय हवेतच राहिला. "आणि वाटेत गोट्यावर थांबायची पाळी आली तर मी पाय कुठं टेकू? तुज्या खांद्यावर?"

एक लहान गाडी तिला बरी वाटली. टाचा टेकल्या. तिनं सेल्समनला विचारलं, "ही मी जरा आडवी पाडून बघू काय?"

"आडवी?"

"जमिनीवर. आणि मग उचलून बघते."

सेल्समननं हात जोडले. "मावशी, नवी कोरी गाडी आहे ओ. स्क्रॅच पडला तर माझी नोकरी जाईल." त्याचंही खरं होतं. गुणाबाईनं त्याच्या हातचं पाणी पिऊन निरोप घेतला.

बाहेर आल्यावर देवजी पहिल्यांदाच काही बोलला. "नवी गाडी पाडायची? लोक काय म्हणतील?"

"तुमी सांगा, मी नवशिकी हाय की नाय? पडणार हाय की नाय? रानात एकटी असताना पडले तर गाडी कोण उचलणार? हा सेल्समन येणार काय?"

देवजी विचारात पडला आणि म्हणाला, "मुरबाडला चल. तिथं जुन्या गाड्यांवाला हाय. जुनीला काय, पाड नायतर लोळव."

जगनही मुरबाडला येऊन मिळाला. जुन्या गाड्यांचं दुकान मितेश नावाच्या तरुणाचं. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, पुढं गाड्यांची रांग, मागं वर्कशॉप. गुणाबाईची अट ऐकून मितेश आधी बघतच राहिला आणि मग त्यानं दोन जुनी गोणपाटं आणून मातीवर अंथरली.

"पाडा मावशी. आजपर्यंत लोक गाडी पळवून बघायला मागत होते. पाडून बघणारं गिऱ्हाईक पहिलंच."

मग मुरबाडच्या त्या रस्त्यावर जे झालं ते बघायला चहावाला टपरी सोडून आला, रिक्षावाले आले, बाजाराला आलेल्या बायका टोपल्या खाली ठेवून थांबल्या. गुणाबाई एकेक गाडी गोणपाटावर अलगद आडवी करायची. मग पाठ गाडीला लावायची, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, गुडघे वाकवून मागं मागं सरकत ती उभी करायची. भाताचा भारा डोक्यावर घेताना कंबर कशी सांभाळायची हे तिला माहीत होतं, तीच रीत. पहिली गाडी हलली नाही. दुसरी अर्धी उठून पुन्हा निजली. तिसरीला बघे ओरडायला लागले, "उचल मावशी! अजून जरा!" तिसरी उठली, पण तिच्या सायलेन्सरचा आवाज असा की गुणाबाईनं कानावर हात ठेवले. "नको रे बाबा. हिच्यापुढं नवरीच्या आईचं रडणंसुद्धा ऐकू येणार नाय."

चौथी एका कोपऱ्यात उभी होती. शंभर सीसी, काळी, टाकीवर निळे पट्टे, एका बाजूला पोचा आलेला. गुणाबाई बसली. दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. तिनं बसल्या बसल्या पायांनी गाडी मागं सरकवली, ती सरकली. आडवी पाडली आणि एका दमात उभी केली. रिक्षावाल्यांनी शिट्ट्या वाजवल्या.

दिपेशला राहवलं नाही. "आत्या, पण हिचा लूक बघ ना. पोचा आहे टाकीला."

"बरं हाय की. पहिला पोचा माज्या हातून पडायचा होता, तो आधीच कोणी पाडून ठेवला. आता मला भ्यायचं कारण नाय."

मितेशनं कागदपत्रं नीट दाखवली. जगननं चेन, ब्रेक, टायर बघितले, इंजिनाला कान लावला, एक फेरी मारून आला आणि मान डोलावली. मागचा टायर गुळगुळीत होता, तो मितेशनं तिथंच नवा घालून दिला. हेल्मेटची मात्र पंचाईत झाली. अंबाड्यामुळं कुठलंच डोक्यात बसेना. शेवटी गुणाबाईनं तिथंच आरशासमोर अंबाडा सोडला, वेणी घातली आणि गजरा हँडलला बांधला. मितेशच्या आईनं आतून हळदकुंकू आणलं, चहावाल्यानं नारळ आणला. त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "एवढी करमणूक फुकट बघितली."

निघताना जगन म्हणाला, "काका, तुमी बसा मागं. मी दिपेशबरोबर माज्या गाडीवर येतो."

देवजी दोन पावलं मागं सरला. "मला किन्हवलीला काम हाय. मी यष्टीनं येतो."

किन्हवलीला त्याचं काही काम नव्हतं. बायकोच्या मागं बसून गावात शिरायचं हे काही त्याच्या मनाला पटत नव्हतं. गुणाबाई समजली आणि तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला. सरळगावच्या रस्त्यानं ती एकटी निघाली, मागून जगन आणि दिपेश. दोन्हीकडं भाजीचे मळे, मध्ये मध्ये पळस फुललेले. हायवेपर्यंत तिनंच चालवली. तिथं ट्रकांची रांग बघून स्वतःच थांबली आणि गाडी जगनला देऊन त्याच्या मागं बसली; जगनची गाडी दिपेशनं घेतली. "अजून एवढं आलं नाय मला," ती म्हणाली. खर्डीच्या फाट्याला पुन्हा तिनं हँडल धरलं. हेल्मेटात तोंड झाकलेलं असूनही ती गात होती. ते आतल्या आत असं घुमत होतं की मागून येणाऱ्या दिपेशला वाटलं, इंजिनात बिघाड झाला.

त्या लग्नसराईत गुणाबाई सगळीकडं आपली आपण गेली. देवजी मात्र कधी टेंपोतून, कधी वऱ्हाडाच्या जीपमधून यायचा. विचारलं तर म्हणायचा, "दोघं बसलो तर टायरवर लोड येतो."

मग चैत्रात प्रणयचं लग्न आलं. प्रणय शेजारच्या पाड्यातला, हिराबाईचा धाकटा मुलगा. नवरी रविना मुरबाड तालुक्यातली, टोकावड्याच्या आतली. गुणाबाई सकाळीच नवरीच्या मांडवात पोचली होती. देवजी नवऱ्याच्या जीपमधून निघाला होता. मुहूर्त जवळ आला आणि फोन आला की पाड्याच्या अलीकडं पाण्याच्या पाइपसाठी रस्ता उकरून ठेवलाय, जीप पुढं येत नाही. नवरा पलीकडंच अडकला.

चालत येण्यासारखं अंतर होतं, पण भर उन्हात नवऱ्याला चालवत आणणं वडीलधाऱ्यांना पटेना. मांडवातल्या पोरांनी लगेच गाड्यांना किका मारल्या. गुणाबाईही निघाली, सगळ्यांच्या मागून, आपल्या चालीनं. चराच्या कडेनं सायकल जाईल एवढी पट्टी उरली होती, त्यावरून पोरं सूं सूं करत गेली. गुणाबाई दोन्ही पाय खाली सोडून, टाचा टेकवत टेकवत पलीकडं आली.

पलीकडं हिराबाई मुलाचा हात घट्ट धरून उभी होती. पोरं "प्रणयदादा, बस, बस" करत होती. हिराबाई म्हणाली, "एकाच्या पण मागं नाय बसवणार. तुमी कशी चालवता ते आत्ता बघितलं मी. माजं पोर गुणाबायच्या मागं बसंल. ती हळू आणते."

असा नवरा धवलारणीच्या मागं बसला. एका हातानं फेटा धरलेला, मुंडावळ्या वाऱ्यावर, टोकाला लिंबू खोचलेली कट्यार छातीशी. पट्टी पार झाली तशी गुणाबाईनं धवला उचलला, खालून, हळू:

"वाटंवरल्या धोंड्या, जरा बाजूला सर रे, नवरीच्या दारी निघाला माझा वर रे."

मागं वीस-पंचवीस गाड्या, सगळ्या तिच्याच चालीनं, कारण नवऱ्याला ओलांडून पुढं जायची सोय नव्हती. शेतातली माणसं उभी राहून बघत होती. मांडवाच्या तोंडाशी जगननं ती वरात पाहिली आणि हात वर करून सगळ्या पार्टीला थांबवलं. स्पीकर बंद. गाडी मांडवाच्या दारात आली तेव्हा नुसता गुणाबाईचा आवाज आणि इंजिनाची बारीक धडधड एवढंच ऐकू येत होतं. रविना बोहल्यामागून डोकावली आणि नवऱ्याचा अवतार बघून पदरात तोंड घालून हसली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. पंगत बसायच्या वेळी गुणाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. देवजी कुठं दिसेना. पोरांना विचारलं तर एक म्हणाला, "काका तिकडंच हायेत. बसा म्हटलं तर म्हणाले, चालत येतो. पण उन्हानं आंब्याखाली बसलेत."

गुणाबाईनं हेल्मेट घातलं आणि परत निघाली.

देवजी आंब्याखाली टोपीनं वारा घेत बसला होता. तिला बघून उभा राहिला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. लग्नातला वरणाचा वास मात्र तिथवर येत होता, किंवा भुकेमुळं त्याला तसं वाटत असावं.

"लागलं काय लगीन?" त्यानं विचारलं.

"लागलं. नवऱ्याला मी आणला."

"बघितलं मी. चराच्या कडेनं बरी काढलीस."

"पंगत बसतेय. येता काय?"

देवजीनं चराकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, मग चपला झटकल्या आणि मागं बसला. हात कुठं ठेवावे कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग मागच्या दांड्याला धरले. गाडी पट्टीवर आली, जराशी हलली, तसे ते दोन्ही हात बायकोच्या खांद्यावर आले आणि तिथंच राहिले.

"धरा नीट," ती म्हणाली.

"धरलंय. तू पुढं बघ."

मांडवात शिरताना पोरांनी आरडाओरडा केला, जगननं कॅसिओवर वरातीची धून लावली, पारूनं शिट्टी मारली. देवजीचा चेहरा तांबडा झाला होता, पण तो उतरला ते टोपी सारखी करत, छाती काढून. पंगतीत त्यानं दोनदा वरणभात घेतला, वर जिलेबी घेतली. शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, "तुमची मंडळी गाडी बरी चालवतात. भीती नाय वाटत मागं?"

"कसली भीती?" देवजी बोटं चाटत म्हणाला. "आता परवा आमाला कसाऱ्याच्या हळदीला जायचंय. ती सकाळी निघाली की मी पण मागं बसून निघतो. वाटेत आधी माज्या बहिणीकडं थांबू, तिला गाडी दाखवू."